कॉम्प्रेसर पेडल: गिटारचे माप बेसला लागू नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गिटारच्या पेडलांची, म्हणजे गिटार आणि ॲम्प्लिफायर (ॲम्प) यांच्या मध्ये जोडायच्या, पायाने चालू-बंद करायच्या डब्यांची, ओळख करून देणारा लेख आला. मराठीत या विषयावर फारसे छापून येत नाही, म्हणून त्याचे स्वागतच आहे. मात्र कॉम्प्रेसरवरच्या परिच्छेदातली तीन विधाने वाचून कोणी दुकान गाठले, तर पैसे वाया जातील. कॉम्प्रेसरने आवाज ‘भरीव’ होतो, सस्टेनचा नॉब जितका पुढे तितके उत्तम, आणि एकच पेडल गिटार आणि बेस (खर्जाची गिटार) दोघांना पुरते, अशी ती विधाने. त्यांतले तिसरे सर्वांत महागात पडणारे आहे.

कॉम्प्रेसर आधी जोराचा आवाज कापतो आणि मग सगळाच्या सगळा उचलून वर नेतो. थ्रेशोल्ड म्हणजे कापणी जिथून सुरू होते ती रेघ. तार जोरात छेडली आणि आवाज त्या रेघेच्या १२ डेसिबल वर गेला, रेशो, म्हणजे कापणीचे प्रमाण, ४ ला १ असेल, तर बाहेर तो रेघेच्या फक्त ३ डेसिबल वर येतो. ९ डेसिबल कापले गेले. ही घट भरून काढायला लेव्हल किंवा आउटपुटचा नॉब असतो. तो वाढवला की जोरात वाजवलेला सूर पूर्वीइतकाच राहतो आणि हळू वाजवलेला, तसाच विरत चाललेला सूर वर येतो. त्यालाच आपण सस्टेन म्हणतो. तार काही जास्त वेळ कंप पावत नसते, तिचे शेपूट तेवढे ऐकू येऊ लागते. पण शेपटाबरोबर पिकअपची (तारांची कंपने टिपणाऱ्या भागाची) गुणगुण, केबलची खरखर आणि आधीच्या पेडलांची सळसळही वर येते. १२ डेसिबल भरपाई म्हणजे व्होल्टेज जवळजवळ चौपट, म्हणजेच गोंगाटही चौपट. सस्टेन पूर्ण ठेवला आणि गाणे थांबले की ॲम्पमधून धबधबा सुरू होतो तो यामुळे. पेडल खराब झाले म्हणून ते दुरुस्तीला देण्यात अर्थ नसतो.

आता बेसकडे. बेसची खुली ‘ई’ तार सेकंदाला ४१.२ वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपनाला सुमारे २४ मिलिसेकंद. पाच तारांच्या बेसवरची ‘बी’ ३०.९ हर्ट्झची, तिला ३२ मिलिसेकंद लागतात. गिटारची जाड ‘ई’ ८२.४ हर्ट्झची, तिचे काम १२ मिलिसेकंदांत उरकते. समजा, कॉम्प्रेसर ५ मिलिसेकंदांत पकडतो (हा ॲटॅक) आणि २०-३० मिलिसेकंदांत सोडतो (हा रिलीज). गिटारवर हे बहुधा खपून जाते. बेसच्या खर्जात मात्र तो सुराच्या पातळीऐवजी एकेका लाटेचाच चढ-उतार पाठलागाला घेतो, लाटेचा आकार मोडतो आणि स्पीकरचा कोन फाटल्यासारखा आवाज येतो. मग लोक केबल बदलतात, स्पीकर उघडतात. रिलीज १०० मिलिसेकंदांच्या पुढे नेला की बहुतेक वेळा फाटणे थांबते.

दुसरी अडचण अशी की बेसमधली बरीचशी ताकद खालच्या स्वरांत असते आणि कॉम्प्रेसर तीच पाहून कापतो. खुली ‘ई’ वाजली की बोटांचा टणत्कार आणि वरच्या तारांचे सूरही तिच्याबरोबर दबतात, आवाज श्वास घेतल्यासारखा खालीवर होतो. यावर तीन उपाय आहेत. पेडलच्या ओळखयंत्रणेत (आवाजाची पातळी मोजणाऱ्या भागात) खालचे स्वर गाळणारा फिल्टर असावा, किंवा खालच्या-वरच्या पट्ट्या वेगवेगळ्या कापणारे मल्टिबँड सर्किट असावे, किंवा मूळ आवाज मिसळता येणारा ब्लेंडचा नॉब असावा. बेससाठी पेडल घेताना या तिघांपैकी एक तरी आहे ना, हे आधी पाहावे. लेखकाने यातल्या एकाचाही उल्लेख केलेला नाही.

सर्किटांच्या जातींबद्दलही लेख गप्प आहे. १९७० च्या दशकातला एमएक्सआर डायना कॉम्प हा पेडल-कॉम्प्रेसर ट्रान्सकंडक्टन्स ॲम्प्लिफायरवर, म्हणजे नियंत्रक प्रवाहाने वाढ कमी-जास्त होणाऱ्या सर्किटावर, चालतो. त्यातली सीए३०८० ही चिप. नॉब दोनच, आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी. रिलीज आत पक्का बसवलेला आहे: १५० किलोओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, गुणाकार १.५ सेकंद. स्वच्छ गिटारवर त्याची ‘टक्’ अशी पकड गोड लागते, बेसचा तळ मात्र पातळ वाटतो. जुन्या पेडलमधला तो १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकला की रिलीज आखूड होतो आणि खालचे सूर फाटू लागतात. काही रुपयांचा भाग, पण आधी संशय बिचाऱ्या चिपवर जातो. तीच बदलायची वेळ आली तर जपून. मूळ सीए३०८० चे उत्पादन केव्हाच थांबले आणि बाजारात दुसऱ्याच चिपवर नाव छापून विकणारे आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाग शोधणाऱ्यांनी याच जातीच्या एलएम१३७०० चिपचा विचार करावा. तिच्या पायांची मांडणी वेगळी असल्याने बोर्ड मात्र त्यानुसारच लागतो.

ऑप्टिकल जातीत प्रकाश आणि प्रकाशाने बदलणारा रेझिस्टर यांची जोडी असते. स्टुडिओतला एलए-२ए हा या घराण्यातला सर्वांत नावाजलेला कॉम्प्रेसर. त्याचा निम्मा रिलीज सुमारे ६० मिलिसेकंदांत होतो आणि उरलेला १ ते १५ सेकंद घेतो. त्यामुळे कापणी जाणवत नाही, सूर लोण्यासारखा बसतो. बोटांनी वाजवलेल्या संथ बेसला आणि आर्पेजिओला (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवण्याला) हा उत्तम. स्लॅपला (अंगठ्याने तार ठोकण्याच्या आणि बोटाने उपसण्याच्या शैलीला) मात्र तो पुरेसा चपळ नाही. तिथे एफईटी (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरने कापणाऱ्या) किंवा व्हीसीए (व्होल्टेजने वाढ बदलणाऱ्या) जातीचे काम. १९६७ च्या सुमाराचा ११७६ हा स्टुडिओतला एफईटी कॉम्प्रेसर २० ते ८०० मायक्रोसेकंदांत पकडतो, आणि त्याच्यावर ४, ८, १२, २० अशी रेशोची चार बटणे आहेत. याच रचनेवरून बेतलेली पेडले आज मिळतात.

नॉबांच्या नावांवर विसंबू नये. बॉस सीएस-३ या पेडलवर ॲटॅक घड्याळाच्या दिशेने फिरवला की पिकचा ठोका अधिक बाहेर येतो. ११७६ वर तोच नॉब त्याच दिशेने फिरवला की पकड अधिक वेगवान होते, म्हणजे ठोका दबतो! डायना कॉम्पच्या घराण्यातल्या काही पेडलांवर ‘ॲटॅक’ लिहिलेला नॉब प्रत्यक्षात तो १५० किलोओहमचा रेझिस्टर बदलतो, म्हणजे सावरायचा वेळ बदलतो. पेडल आधी सावरले, तर पुढच्या सुराचा ठोका मोकळा येतो, म्हणून ते नाव. कान लावावा, अक्षरे नंतर वाचावीत.

जुळवणी अशी करावी. ॲम्पवर नेहमीचा आवाज ठेवा, बाकीची पेडले बंद. रेशो ४ ला १, ॲटॅक २० ते ३० मिलिसेकंद, रिलीज २०० च्या आसपास, ब्लेंड असेल तर पूर्ण कॉम्प्रेस केलेल्या बाजूला. आता गाण्यात सर्वांत जोरात वाजवता तितक्या जोराने वाजवत थ्रेशोल्ड खाली आणा. थ्रेशोल्डऐवजी सस्टेन किंवा सेन्सिटिव्हिटी असेल तर ती वाढवा. कापणी दाखवणारे दिवे असतील तर जोराच्या सुरांवर ४ ते ६ डेसिबल पुरेत, आणि हळू वाजवताना दिवे विझले पाहिजेत. ते सतत पेटलेले राहिले तर तुम्ही नुसता आवाज कमी करून पुन्हा वाढवताय. दिवे नसतील तर ठोका नुकताच दबल्याचे जाणवेल तिथे थांबा आणि किंचित मागे या.

रिलीज गाण्याच्या लयीवरून ठरवावा. मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, अर्धी ३००, पाव १५०. बेसच्या ओळीत अर्ध्या मात्रेचे सूर असतील तर कॉम्प्रेसर ३०० च्या आत मोकळा व्हायला हवा, नाहीतर पहिला सूर खणखणीत आणि पुढचे तीन मुके. फंकची रिदम गिटार पाव मात्रांवर चालते, तिला आणखी आखूड लागतो. स्लॅपसाठी रेशो ८ किंवा त्याहून जास्त घ्या, ॲटॅक ५ मिलिसेकंदांच्या आत आणा, आणि थ्रेशोल्ड इतका वर ठेवा की अंगठ्याचे आणि उपसलेल्या तारेचे घावच तेवढे कापले जातील.

शेवटी लेव्हल: पेडल चालू आणि बंद, दोन्ही वेळी आवाजाची उंची सारखी हवी. हे न करता कोणताही निर्णय घेऊ नये. २ डेसिबलने मोठा आवाज कानाला नेहमीच ‘भरीव’ वाटतो. दुकानातल्या निम्म्या खरेद्या याच चकव्यात होतात आणि लेखातला ‘भरीव’ शब्दही बहुधा इथूनच आला असावा.

क्रमाबद्दल. ट्यूनर, मग कॉम्प्रेसर, मग ओव्हरड्राइव्ह (आवाज खरबरीत करणारे पेडल), शेवटी डिले (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब (घुमारा) हा सर्वसाधारण क्रम. ओव्हरड्राइव्ह स्वतःच आवाज दाबतो, त्याच्यानंतर कॉम्प्रेसर लावला तर हाती गोंगाटच जास्त येतो. ऑटोवाह (‘वॉ-वॉ’ असा आवाज काढणारे पेडल) वाजवण्याच्या जोरावर उघडतो, म्हणून तो कॉम्प्रेसरच्या आधी. ऑक्टेव्ह (एक सप्तक खालचा किंवा वरचा सूर जोडणारे पेडल) नंतर, कारण सपाट सूर त्याला नीट ओळखता येतो. जुन्या धाटणीचा फझ (आवाज पार फाडणारे पेडल) थेट गिटारच्या पिकअपला जोडलेलाच खुलतो, तेव्हा त्याच्या आधी काहीच नको.

गणपतीच्या मांडवातल्या ऑर्केस्ट्राला एक वेगळी सूचना. तिथे बेस बहुधा डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला साजेसा करणाऱ्या डबीतून) थेट मिक्सरला जातो आणि साउंडवाल्यानेही त्या चॅनेलवर कॉम्प्रेसर लावलेला असतो. पेडलवर ४ ला १, मिक्सरवर ४ ला १, दोन्ही रेघा ओलांडल्या की हिशेब १६ ला १. मग बेस ‘ऐकू येतोय पण लागत नाही’ अशी तक्रार येते. साउंडवाल्याला आधी विचारावे आणि एकाने माघार घ्यावी. तिथेच दुसरी गोष्ट: तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन गुणगुण घालवायला कापून टाकण्याची जी चाल आहे, ती जिवावरची आहे. गुणगुण बहुधा एकाच अडाप्टरवर साखळीने जोडलेल्या पेडलांमुळे येते. कॉम्प्रेसरला स्वतंत्र, आयसोलेटेड ९ व्होल्टची वाट दिली की ती बरीच उतरते.

अडाप्टर ९ व्होल्ट डीसी, मध्यबिंदू ऋण, हा या पेडलांचा सर्वसाधारण नेम. काही कीबोर्डांचे अडाप्टर १२ व्होल्टचे आणि मध्यबिंदू धन असलेले असतात, पिन मात्र तशीच बसते. उलटा प्रवाह गेला की उलट्या ध्रुवतेपासून वाचवणारा डायोड बहुधा आधी बळी जातो, तोच प्रथम तपासावा. १८ व्होल्ट फक्त पेडलवर तसे लिहिले असेल तरच द्यावे, आतले कपॅसिटर अनेकदा १६ व्होल्टचेच असतात. ॲक्टिव्ह बेसचा (आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेल्या बेसचा) जोरकस सिग्नल ९ व्होल्टच्या पेडलमध्ये कापणीआधीच चिरडला जातो, तेव्हा बेसचा व्हॉल्यूम थोडा उतरवून पाहावा. बॅटरी वापरणाऱ्यांनी वाजवून झाल्यावर इनपुटचा जॅक काढावा, तो लावलेला असेपर्यंत बॅटरी चालूच राहते. कोकण-गोव्याच्या दमट हवेत पॉट (नॉबांखालचे फिरते रेझिस्टर) लवकर खरखरतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीसेक वेळा फिरवणे पुरते, नवा पॉट लगेच लागत नाही.

राहिली लेखासोबतची आकृती. तिच्यात व्हॉल्यूम पेडल कॉम्प्रेसरच्या आधी दाखवले आहे. तसे जोडले तर पायाने आवाज उतरवाल तितका कॉम्प्रेसर तो पुन्हा वर ओढील. व्हॉल्यूम पेडल कॉम्प्रेसर आणि ओव्हरड्राइव्हच्या नंतर, डिलेच्या आधी हवे. ज्यांनी ती आकृती कापून ठेवली आहे त्यांनी एवढा बाण पेनने बदलून घ्यावा.

आपला,
एक बेसवादक वाचक, ठाणे