बर्फ नको, छाती दाबा

मा. संपादक,

हृदय बंद पडल्यावर मेंदू गार ठेवून वाचवण्याच्या उपचारावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. (पुरवणी आमच्याकडे सोमवारी एस.टी.ने येते, म्हणून पत्राला उशीर.) लेखकाने मेहनत घेतली आहे, हे मान्य. पण मथळ्यात ठळक अक्षरांत 'बर्फ' आणि खाली लाद्यांचा फोटो? हे पान बंदरावरही वाचले जाते, याचे भान पुरवणी लावणाऱ्यांना हवे होते.

आमच्या बंदरात बर्फाला तोटा नाही. माझे धाकटे दीर संध्याकाळच्या लिलावात सुरमईचा टब उचलताना कोसळले. हाकेला ओ नाही, श्वास नाही. भोवती लिलावाची सगळी गर्दी. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी होडीतला बर्फाचा चुरा घमेल्याने आणून डोक्यावर ओतला. "डोकं गार ठेवा, मेंदूला काय होणार नाय," असे एक जाणते तांडेल सगळ्यांना बजावत होते. माया सगळ्यांची होती, धावपळही मनापासून होती. पण छातीवर हात एकानेही ठेवला नाही. मी घरून धावत पोचले, दाबायला बसले, तेव्हा फार उशीर झाला होता. १०८ त्याच्याही नंतर आली. दीर गेले.

रक्त पोचायचे थांबले की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. त्या मिनिटांत डोक्यावर बर्फ ओतून काहीही साधत नाही. मेंदूला रक्त हवे असते, आणि ते छाती दाबूनच पोचवता येते. मी परिचारिका म्हणून नोकरी केली आहे, हे मी जबाबदारीने लिहिते.

तुमच्या लेखातला उपचार त्यापुढचा. हृदय पुन्हा सुरू झाले पण माणूस शुद्धीवर आला नाही, तर अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर, गुंगीचे औषध देऊन, हुडहुडी भरू न देता अंगाचे तापमान ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास दिवसभर राखायचे. २००२ साली युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत त्याचा फायदा दिसला, आणि त्याबाबतीत लेख तिथेच थांबतो. २०२१ साली सुमारे १९०० रुग्णांवरच्या चाचणीत ३३ अंशांवर ठेवलेले आणि ज्यांना फक्त ताप चढू दिला नाही असे, या दोघांच्या जगण्या-मरण्यात फरक आढळला नाही, हे कुठे गेले? जन्मताना गुदमरलेल्या बाळांना ७२ तास गार ठेवल्याने श्रीमंत देशांत लाभ झाला, हे तुम्ही छापले. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरचा अभ्यासही २०२१ सालीच आला. त्यात गार केलेल्या बाळांमध्ये मृत्यू जास्त झाले. आपल्याच बाळांवरचा अभ्यास, आणि त्याला एक ओळ मिळू नये, याचा मला संताप आला.

आणखी एक. भरती-ओहोटीच्या वेळा तुम्ही छापायच्या बंद केल्यात. खलाशी पेपर उघडून आधी तेच बघत. तो तक्ता पुन्हा सुरू करा आणि त्याच्याखाली रोज एवढे छापा: माणूस निपचित पडला, नीट श्वास नाही, तर १०८ ला फोन लावायला एकाला सांगा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, कोपर ताठ ठेवून दोन इंच खोल दाबायचे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, थकलात तर शेजारच्याला बसवा, रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
ता. दापोली, जि. रत्नागिरी