अजून एक वर्ष

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय निघाला की आई गप्प होते, म्हणून लिहितेय. मी अजून एक वर्ष इथे नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टलाच राहणार आहे. अर्ज गेलाही.

पदवीनंतर नोकरी शोधायला इथे एक वर्षाचा परवाना मिळतो, त्याला झूकयार म्हणतात. शिकताना आठवड्याला 16 तास किंवा फक्त उन्हाळ्याचे तीन महिने पूर्णवेळ काम करता येतं, तेही मालकाने परवानगी काढली तर. झूकयारवर ही अट नाही. बाबा, पदवीनंतर तीन वर्षांत कधीही अर्ज करता येतो, मग आधी घरी ये, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण तो वाढवून मिळत नाही, आणि प्रोजेक्टमधल्या ओळखी आत्ता ताज्या आहेत. परवान्याचं नवं कार्ड हातात येण्याआधी देशाबाहेर गेलं, तर परत यायला पासपोर्टवर वेगळा स्टिकर लागतो. म्हणून दिवाळी नाही जमणार. फेब्रुवारीत नक्की.

जेवणाची काळजी नको. शेगडी इंडक्शनची आहे. तिच्यावर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, बुडाला लोहचुंबक चिकटायला हवं, म्हणून स्टीलचा घेतला. भात 1 वाटीला 2 वाट्या पाणी. पहिली शिट्टी झाली की आच 9 वरून 4 वर आणायची, नाहीतर बूड लागतं. फोडणीही 5 वरच, कारण ज्वाळा दिसत नाही आणि मोहरी तडतडायच्या आत तेल जळतं. तूरडाळ, हिंग, कढीपत्ता द हेगमध्ये मिळतो, 1 नंबरच्या ट्रामने. तिथली दुकानं दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या हिंदुस्तानी लोकांची. त्यांचे पूर्वज 1873 पासून भारतातून सुरिनामला मजुरीला गेले होते. मेतकूट मात्र तुझंच, आई. पाऊस लागला की मऊ भात, तूप, मेतकूट, आणि तू शेजारी बसल्यासारखं वाटतं.

सायकलला पुढे पांढरा, मागे लाल दिवा लावलाय. रूळ ओलांडताना चाक आडवं, काटकोनात नेते. तिरकं गेलं की खाचेत अडकतं. कुलपं दोन: एक मागच्या चाकाचं, दुसरी साखळी, लोखंडी रॅकला बांधून. पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, छत्रीचा उपयोग नाही, रेनपँट आहे.

डॉक्टरकडे नाव नोंदवलंय. साध्या तापाला इथे पॅरासिटामॉल घेऊन थांबायला सांगतात, बाबांना ते पटणार नाही. पण गंभीर काही झालं तर 112 आहे. नोकरी लागली की विद्यार्थ्यांचा विमा चालत नाही, इथला मूळ विमा घ्यावा लागतो. तो मी पहिल्याच दिवशी घेईन.

आता तुमचं. बाबा, हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्या. मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, शेजारच्या दादाला बसवा. बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. अप्पांच्या वेळी काय झालं ते आपण तिघांनीही पाहिलंय. आई, माळ्यावर चढायचं नाही, फराळाचे डबे खालीच ठेव. चकल्या विकत आणल्या तरी चालतील, मी रागावणार नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातील, म्हणजे फरक साडेतीनचा साडेचार तास होईल. मी दुपारी 4 ला फोन करेन, तेव्हा तुमच्याकडे साडेआठ असतील. जेवून घ्या, माझ्यासाठी थांबू नका.

तुमचीच,
चिऊ