मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : सोनोग्राफी नॉर्मल, बाई मात्र कळवळते

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी सोनोग्राफी करते. माझ्याकडे येणाऱ्या काही बायकांच्या फायलीत आधीचे तीन-चार रिपोर्ट असतात आणि सगळ्यांवर एकच शेरा असतो : गर्भाशय व बीजकोश नॉर्मल. बाई मात्र पाळीत उभी राहू शकत नाही. संबंधांच्या वेळी दुखतं, हे डॉक्टरांपुढे बोलायची तिला चोरी. पाळीत संडासला बसलं की जीव जातो, म्हणून ती मूळव्याधीचं औषध घेत असते. कुणी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, केलेली असते, तीही नॉर्मल. येणारच, कारण तिचा खरा आजार आतड्यात बाहेरच्या अंगाने शिरतो. आतल्या अस्तरापर्यंत तो क्वचितच पोचतो, आणि दुर्बिणीला दिसतं ते फक्त अस्तर.

या आजाराला डीप एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढणं म्हणजे एन्डोमेट्रिओसिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातल्या जवळपास १९ कोटी मुली-बायकांना तो आहे. त्यातल्या काहींमध्ये ही ऊती पोटाच्या आतल्या आवरणाखाली ५ मिलिमीटरहून खोल जाते. गर्भाशयाला मागून धरणारे बंध, योनी आणि गुदाशय यांच्यामधली जागा, मोठं आतडं, मूत्राशय, मूत्रवाहिनी, कुठेही. मूत्रवाहिनी आवळली गेली की वरची किडनी फुगत जाते आणि पुष्कळदा काही न दुखताच निकामी होते. या शेवटच्या गोष्टीची मला सगळ्यांत जास्त भीती वाटते.

मग रिपोर्ट नॉर्मल का येतो? कारण आपण बघतो तेवढंच दिसतं. नेहमीच्या तपासणीत गर्भाशय आणि बीजकोश पाहिले की काम संपतं. चॉकलेट सिस्ट, म्हणजे याच आजाराची बीजकोशातली जुन्या रक्ताने भरलेली गाठ, असेल तर ती सापडते. गर्भाशयामागची गाठ सापडत नाही, कारण तिथे कुणी शोधत नाही. २०१६ साली एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने यासाठी चार पायऱ्यांची पद्धत सांगितली. गर्भाशय आणि बीजकोश पाहायचे. आतून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी करताना कुठे दाबलं की दुखतं, बीजकोश हलतो की चिकटलेला आहे, हे तपासायचं. मग हलका दाब देऊन आतडं गर्भाशयाच्या मागच्या बाजूवरून सरकतं का ते बघायचं. सरकलं नाही, तर मागे सगळं चिकटलेलं असण्याची दाट शंका घ्यायची. शेवटी आतडं, मूत्राशय आणि मागचे बंध यांत गाठी शोधायच्या. यासाठी नवं यंत्र लागत नाही. सिव्हिलमध्ये आतून तपासणीचा प्रोब असेल तर तोच पुरतो. लागतो तो सरावलेला डोळा आणि थोडा जास्त वेळ. बाहेर गरोदर बायकांची रांग असताना हा वेळ कोण देणार, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते. खासगीतही या तपासणीचे पैसे साध्या सोनोग्राफीइतकेच मिळतात, हेही सांगून टाकते.

लग्न न झालेल्या मुलींची आतून सोनोग्राफी सहसा होत नाही. त्यांच्यासाठी एमआरआय हाच मुख्य मार्ग, आणि तोही या आजारासाठी म्हणून वाचता आला पाहिजे.

पूर्वी लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने पाहणं, केल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांत ही अट काढून टाकली. आधी लक्षणं ऐका, तपासा, सोनोग्राफी किंवा एमआरआय करा आणि उपचार सुरू करा, असा आता क्रम आहे. म्हणजे निदानाचा भार आमच्यावर, सोनोग्राफीवाल्यांवर आला आहे. आम्हाला शिकवणं सरकारला अवघडही नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे राज्यातल्या प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची आणि ते चालवणाऱ्या डॉक्टरची नोंद सरकारदरबारी आहे. कोणाला शिकवायचं याची यादी आपल्या कपाटात तयार पडली आहे!

उपचारांचंही सांगते. पुष्कळ जणींना गोळ्यांनी आराम पडतो. डायनोजेस्ट ही संप्रेरकाची गोळी रोज २ मिलिग्रॅम, किंवा गर्भनिरोधक गोळ्या. पण त्या थांबवल्या की दुखणं परत येऊ शकतं, म्हणून सिव्हिलच्या औषध खिडकीवर त्या महिनोन्महिने, खंड न पडता मिळायला हव्यात. मूल हवं असलेल्या बाईला या गोळ्या घेता येत नाहीत. गोळ्यांनी भागत नसेल, आतडं किंवा मूत्रवाहिनी आवळली असेल, तर शस्त्रक्रिया. ती एकट्या स्त्रीरोगतज्ज्ञाने करायची नाही. आतड्याचा सर्जन आणि युरोसर्जन सोबत हवेत. अर्धवट शस्त्रक्रिया झाली, तर पुढची जास्त अवघड होते.

आणि नुसती गर्भाशयाची पिशवी काढून हा आजार जात नाही. आतड्यातली गाठ तिथेच राहते. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न २०१९ साली गाजला. त्या बायकांना हाच आजार होता, असं मी म्हणत नाही. पण पाळीच्या दुखण्यावर पिशवी काढणं हा इलाज आपल्याकडे किती सहज सुचतो, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. चौकशी समिती नेमली गेली, खासगी रुग्णालयांवर परवानगीचं बंधन आलं. दुखणं कशाने होतं हे शोधायची सोय मात्र तालुक्याला अजून नाही.

अडचण आपल्या घरातलीच आहे. जिल्हा रुग्णालयं आपल्या खात्याकडे, आणि हे तिन्ही सर्जन एका छताखाली मिळण्याची शक्यता असलेली बहुतेक शासकीय महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. बाई आपल्या खात्यात सापडते, तिची शस्त्रक्रिया दुसऱ्या खात्यात व्हायची असते, आणि मधली वाट तिने स्वतः शोधायची.

ऑस्ट्रेलियाने २०१८ साली या आजारासाठी राष्ट्रीय कृती आराखडा केला, फ्रान्सने २०२२ साली धोरण आणलं. मी एवढं मोठं काही मागत नाही. दोन्ही खात्यांचा मिळून एक शासन निर्णय काढा. प्रत्येक महसूल विभागात एका शासकीय महाविद्यालयात हे तीन सर्जन आणि एक रेडिओलॉजिस्ट यांचं पथक नेमा, आठवड्यातला एक वार या बाह्यरुग्ण विभागासाठी ठरवून द्या, आणि जिल्ह्यांतल्या सोनोलॉजिस्टना तिथेच पाळीपाळीने शिकायला पाठवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत या जोडशस्त्रक्रियेला एकच, पुरेसा दर द्या. गाठ सापडली, की त्याच वेळी दोन्ही किडन्या पाहणं सक्तीचं करा; त्याला पैसाही लागत नाही.

पहिल्या तुकडीत शिकायला मी स्वतःच्या खर्चाने येईन.

आपली,
जिल्ह्याच्या गावातली एक सोनोलॉजिस्ट