कुत्र्याला पचते, पण घराला बाधते

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. अलीकडे धुळे-जळगावकडच्या नव्या वसाहतींत कुत्र्याला कच्चे मांस घालण्याची जी पद्धत दिसते, तिच्याबद्दल लिहिणे मला गरजेचे वाटते. चिकनच्या दुकानातून कोंबडीचे पाय, माना, छिछडे काळ्या पिशवीतून आणायचे आणि जसेच्या तसे कुत्र्यापुढे टाकायचे, हे आता रोजचे झाले आहे. कोणाला हटकले, तर 'काही नही व्हत भाऊ, जनावरच शे ना' असे उत्तर मिळते.

हे उत्तर कुत्र्यापुरते बरेचसे खरे आहे, आणि म्हणूनच ते फसवे आहे. कच्च्या मांसातला साल्मोनेला पोटात जाऊनही धडधाकट कुत्रा पुष्कळदा आजारी दिसत नाही. पण तो जंतू त्याच्या विष्ठेतून कित्येक दिवस बाहेर पडत राहतो आणि अंगावरच्या केसांतून, तोंडातून अंगणात, ओट्यावर, मुलांच्या हातावर पोहोचतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात पाळीव प्राण्यांच्या कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले, तेव्हा १५ नमुन्यांत साल्मोनेला आणि ३२ नमुन्यांत लिस्टेरिया हा दुसरा घातक जंतू सापडला. ते कारखान्यात तयार होऊन गोठवलेल्या स्थितीत विकले जाणारे खाद्य होते. आपल्याकडे तर मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, आणि ती पिशवी तासभर स्कूटरच्या हुकाला लटकत असते.

गोठवल्याने जंतू मरतात हा समज मी सुशिक्षित घरांतही ऐकला आहे. ते मरत नाहीत, बहुतेक नुसते थांबतात. लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडाव्यातही हळूहळू वाढतो, आणि गर्भवती स्त्रीला त्याची लागण झाली तर गर्भपात होऊ शकतो. ज्या घरात सून दिवस गेलेली आहे, तिथे दुधाच्या पातेल्याशेजारी कुत्र्याचे कच्चे मांस ठेवलेले पाहून मला राहवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात हे माझ्याच घरी घडले. मुलीचा कुत्रा आमच्याकडे राहायला होता. त्याची स्टीलची ताटली मोरीत घासली जाई, आणि त्याच घासणीने नातवाचा दुधाचा पेला. चार वर्षांचा पोर तापाने फणफणला, जुलाबातून रक्त पडू लागले, आणि शौच तपासणीत साल्मोनेला निघाला. तो ताटलीतूनच आला हे मी सिद्ध करू शकत नाही, परंतु आयुष्यभर लोकांना स्वच्छता सांगणाऱ्या माझ्या नजरेतून ती घासणी सुटली, याचे दुःख मला आजही आहे.

उपाय महागडा नाही. मांस आतपर्यंत किमान ७४ अंश सेल्सिअस तापले की हे जंतू मरतात. घरगुती भाषेत सांगायचे, तर मांस आत कुठेही गुलाबी राहू नये इतके उकळावे. शिजलेले हाड फुटून टोकदार होते, म्हणून हाडे काढून टाकावीत. मीठ, कांदा, लसूण न घातलेल्या त्या पाण्यात ज्वारीची भाकरी कुस्करून दिली, तर कुत्रा आवडीने खातो. कच्चे मांस नळाखाली धुऊ नये, कारण शिंतोडे शेजारच्या मेथीच्या जुडीवर उडतात. ताटली आणि घासणी वेगळी ठेवावी, आणि ताटली उचलल्यावर साबणाने हात धुवावेत.

आपल्या दैनिकामार्फत माझी पशुसंवर्धन विभागाला विनंती आहे की, रेबीजची लस टोचायला लोक कुत्रे घेऊन येतात तेव्हाच ही माहिती त्यांना तोंडी सांगावी आणि दवाखान्याच्या दारावर मराठीत व अहिराणीत तसा फलक लावावा. चिकन विक्रेत्यांनीही छिछडे देताना 'उकळूनच घाला' एवढे सांगितले, तर गिऱ्हाईक त्यांचे नक्की ऐकेल.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
पारोळा, जि. जळगाव