‘अडकलेल्या’ हा शब्द आता तरी सोडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नियोजित भारतीय अंतरिक्ष स्थानकावरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. २०२८ मध्ये पहिला भाग आणि २०३५ पर्यंत पूर्ण स्थानक, हे उद्दिष्ट त्यात नीट मांडले आहे. पण ओघात सुनीता विल्यम्स यांचा उल्लेख पुन्हा एकदा ‘नऊ महिने अंतराळात अडकलेल्या’ असा आला. शिवाय राकेश शर्मा ‘सोयूझ टी-११ मधून गेले आणि त्याच यानातून परतले’ असेही छापले आहे. दोन्ही चुका एकाच गैरसमजातून होतात, म्हणून हे पत्र.

यान म्हणजे दारात सोडून निघून जाणारी रिक्षा, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात माणसे अवकाशातल्या प्रयोगशाळेत असेपर्यंत त्यांना खाली आणणारे यान तिथेच जोडून ठेवलेले असते. आग लागली, हवा गळू लागली किंवा कुणी गंभीर आजारी पडले, तर त्यात बसून काही तासांत पृथ्वी गाठायची.

शर्मा यांनी इंदिरा गांधींना दिलेले उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ते परतले कोणत्या यानातून, हे मात्र कुणी सांगत नाही. ३ एप्रिल १९८४ रोजी मालिशेव आणि स्त्रेकालोव या सोव्हिएत अंतराळवीरांसोबत ते सोयूझ टी-११ या सोव्हिएत यानातून निघाले. सॅल्यूत-७ या सोव्हिएत स्थानकावर किझीम, सोलोव्योव आणि आत्कोव हे तिघे फेब्रुवारीपासून राहत होते आणि त्यांचे सोयूझ टी-१० यान दाराशी उभे होते. ११ एप्रिलला पाहुणे ते जुने यान घेऊन उतरले आणि आपले ताजे यान यजमानांसाठी ठेवून आले. त्याच टी-११ मधून यजमान २ ऑक्टोबरला परतले.

ही अदलाबदल हौसेची नव्हती. सोयूझ नुसते उभे राहूनही जुने होते. त्याच्या परतीच्या कुपीतल्या छोट्या इंजिनांना हायड्रोजन पेरॉक्साइड लागते आणि ते हळूहळू आपोआप विघटित होत राहते. (घरातली जखम धुण्याची बाटली वर्षभराने उघडून पाहा, फेस येतो का ते. मी आठवीच्या वर्गात हाच प्रयोग करून दाखवत असे.) यान बदलताना बैठकीचे अस्तरही बदलावे लागते, कारण ते प्रत्येकाच्या पाठीच्या साच्यावरून बनवलेले असते. दुसऱ्याच्या अस्तरावर बसून जमिनीवर आदळणे पाठीच्या कण्याला परवडणारे नाही.

हे अस्तर किती महत्त्वाचे, ते अलीकडेही दिसले. डिसेंबर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडलेल्या सोयूझ एमएस-२२ मधून शीतकरणाचा द्रव गळून गेला. त्यातून परतायचे होते प्रोकोप्येव, पेतेलिन आणि अमेरिकेचे फ्रँक रुबिओ यांना. तिघांच्या अंगाची उष्णता कुपीत साठली तर धोका, म्हणून आणीबाणीत रुबिओ यांना वेगळे उतरता यावे यासाठी त्यांचे अस्तर उचलून शेजारच्या ड्रॅगन यानात नेऊन बसवले. फेब्रुवारीत एक रिकामे सोयूझ वर गेले. सहा महिन्यांसाठी गेलेले रुबिओ त्यातून ३७१ दिवसांनी परतले. त्यांना आपल्याकडे कुणी ‘अडकलेले’ म्हटल्याचे मला आठवत नाही, पण सुनीताबाईंसारखे त्यांचे वडील गुजरातचे नव्हते!

आता सुनीताबाई. जून २०२४ मध्ये त्या आणि सहकारी अंतराळवीर बुच विल्मोर बोइंगच्या स्टारलायनर यानातून साधारण आठवड्यासाठी आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले. यानात हेलियमची गळती आणि छोट्या इंजिनांचे बिघाड निघाले, तेव्हा सप्टेंबरमध्ये ते रिकामेच परत आणले. तेव्हापासून महिनाअखेरपर्यंत या दोघांसाठी आणीबाणीची सोय होती ती आधीपासून तिथे असलेल्या ड्रॅगनमध्ये, सामानाच्या जागेत. गैरसोयीची खरी, पण सोय होती. सप्टेंबरअखेर पुढचे ड्रॅगन चारऐवजी दोघांनाच घेऊन वर गेले. दोन खुर्च्या रिकाम्या ठेवल्या होत्या, त्या याच दोघांसाठी. मार्च २०२५ मध्ये ते त्यातूनच उतरले. मधल्या काळात त्यांनी स्थानकावरची नेहमीची कामे केली, सुनीताबाई तर स्थानकाच्या प्रमुख होत्या.

आठवड्याचे २८६ दिवस होणे ही थट्टा नव्हे, घरच्यांची काळजीही खोटी नव्हती. पण ‘मुक्काम लांबला’ हे शब्द मराठीत आहेत की. घाटात दरड कोसळून एसटी ना पुढे ना मागे, त्याला अडकणे म्हणतात.

पुरवणीला एक विनंती. आपल्या स्थानकाच्या चित्रांत सौर तावदाने आणि प्रयोगांच्या खोल्या ठळक दिसतात, दाराशी कोणते यान असेल याची चर्चा होत नाही. गगनयानाची पहिली समानव मोहीम तीन दिवसांची आखली आहे. स्थानकाला जोडलेल्या यानाला महिनोन्महिने थंडी-उन्हात उभे राहून मग एका सूचनेसरशी सुरू व्हावे लागेल. त्यासाठी गगनयानात काय बदल करावे लागतील, यावर इस्रोमधल्या कुणाला तरी पुढच्या एखाद्या रविवारी लिहिते करावे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा