जखमा भरल्या, दुखणं राहिलं : फिजिओथेरपीसाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

अपघात, मारहाण, घरातला छळ, युद्ध, कोठडीतले हाल यांतून वाचलेली माणसं आमच्या केंद्रात येतात. जखमा केव्हाच भरलेल्या असतात, एक्स-रेमध्ये काही सापडत नाही, तरी पाठ, मान, खांदे दुखायचे थांबत नाहीत. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनातून काढून टाका’ हे ऐकून ऐकून कित्येकांनी दुखण्याबद्दल बोलणंच सोडलेलं असतं. हे दुखणं खरं आहे, हे आम्ही ठामपणे सांगतो. 3 महिन्यांहून जास्त टिकलं की वैद्यकशास्त्रही त्याला दीर्घकालीन वेदना म्हणतं. मोठ्या आघातानंतर मज्जासंस्था सतत सावध राहू शकते. झोप उडते, स्नायू आखडतात, वाकायचीही भीती वाटते. मग माणूस हालचाल टाळतो आणि दुखणं वाढतं.

फिजिओथेरपीने इथे फरक पडतो, पण ती घाईने करून चालत नाही. ज्याने विजेचे झटके सोसलेत, त्याला न विचारता करंटचं मशीन लावलं तर तो पुन्हा येणार नाही. पालथं झोपायला सांगणं, पाठीमागून हात लावणं हेही काहींना असह्य होतं. म्हणून आमच्याकडे पेशंटला दार दिसेल अशी खुर्ची असते, हात लावण्याआधी दर वेळी विचारतात, ‘थांबा’ म्हटलं की थांबतात. सुरुवातीला कधी नुसता श्वास आणि जमिनीवर टेकलेल्या पायांची जाणीव, एवढंच होतं. पुढे उठणं-बसणं, चालणं, झेपेल तसं वाढवत नेणं. दुखणं पूर्ण जाईलच असं वचन आम्ही देत नाही. पण रात्रीची झोप लागणं, पोराला उचलून घेता येणं हेही फार मोठं असतं.

या कामाला वेळ लागतो, आणि वेळेलाच पैसा लागतो. फिजिओथेरपिस्टचं मानधन, पेशंटचं येण्या-जाण्याचं भाडं, आणि दुभाषा. नवऱ्यासमोर किंवा मुलासमोर बाई सगळं सांगू शकत नाही, त्यामुळे दुभाषा घरातला नको. चटया, हातांच्या खुर्च्या, जाड पडदेही हवे आहेत. एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरमहा येणारी छोटी रक्कम आम्हाला जास्त उपयोगी पडते, कारण उपचार मध्येच तुटत नाहीत.

फिजिओथेरपिस्ट मंडळींनो, विशेषतः महिलांनो, आठवड्यातून एक दुपार द्या. मात्र काही महिने नियमित येणं जमणार असेल तरच. चेहरे बदलत राहिले की विश्वास बसत नाही.

देणगीदारांनी पेशंटना भेटण्याचा किंवा फोटोचा आग्रह कृपया धरू नये. खर्चाचा हिशेब कार्यालयात केव्हाही पाहता येईल.