शहापुरातल्या रेडिओवाल्या काकांचे आभार

जुना कॅसेट डेक सेकंडहँड घेतला आणि पहिल्याच दिवशी त्यानं आईच्या ओव्यांची कॅसेट गिळली. आधी रिकामी कॅसेट लावून बघायची अक्कल मला नव्हती. बेळगावात शहापूरला एका काकांनी डेक उघडला. आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालेला; टेप गुंडाळणारी चक्री फिरतच नव्हती. स्पिरिटच्या बोळ्यानं त्यांनी पुली, टेपवरचा आवाज वाचणारं हेड पुसलं, नवा पट्टा घातला. मग, मी सांगितलं नसताना, चुरगळलेली टेप बोटानं सरळ करत, तुटलेली टोकं जोडत तासभर बसले. साधी चिकटपट्टी नाही वापरली, तिचा गोंद हेडला लागतो म्हणे. काकांचं मराठी बेताचंच. आईचा आवाज आला तसा स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, "अव्वा छान म्हणत्यात." अव्वा म्हणजे कानडीत आई. पैसे फक्त पट्ट्याचे घेतले. काका, मनापासून आभार.